एका नळीत पाचजण

१३ एप्रिल २०२० रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, एक छोटेसे सूचनापत्र काढले. पाचजणांच्या घशा-नाकातले नमुने एकत्र करून, म्हणजे त्यांची ‘पूल’ करून, कोरोनाची एकच आरटी-पीसीआर चाचणी करायला त्यात परवानगी होती. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातल्या लॅबने हे जमते असे दाखवून दिले होते. टाळेबंदीचा तिसरा आठवडा चालू होता, खासगी लॅबमध्ये एका चाचणीला साडेचार हजार रुपयांपर्यंत मोजावे लागत होते आणि किटची टंचाई रोज बातम्यांत होती. साहजिकच सगळ्यांनी पाचाचा आकडा उचलला. आज मागे वळून पाहताना वाटते, पत्राचा खरा गाभा दोन टक्क्यांच्या अटीत होता. बाधितांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी असेल तिथेच पूल करा. दोन ते पाचच्या दरम्यान असेल तर लक्षणे नसलेल्यांच्या पाहणीपुरतेच. पाचच्या वर मुळीच नको.

कल्पना नवी नव्हती. १९४३ साली रॉबर्ट डॉर्फमन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने एक छोटा निबंध छापला. सैन्यात भरती होणाऱ्या लाखो तरुणांचे रक्त सिफिलिससाठी तपासले जात होते आणि बहुतेकांचा निकाल निगेटिव्हच येई. डॉर्फमनचे म्हणणे साधे होते. अनेकांचे रक्त एकत्र तपासा. निगेटिव्ह आले तर सगळे एका फटक्यात मोकळे. पॉझिटिव्ह आले तर तेवढ्याच गटातला एकेकजण पुन्हा तपासा. सैन्याने मात्र ती कल्पना वापरली नाही, कारण रक्त एकमेकांत मिसळल्यावर त्या काळच्या चाचणीला पातळ झालेला पुरावा सापडत नसे. म्हणजे गणित बरोबर होते, पण रसायनशास्त्र तयार नव्हते.

पीसीआरने ती उणीव बरीचशी भरून काढली. हे तंत्र विषाणूचा जनुकीय तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट करत नेते. पाच नमुने मिसळले की एकाचा विषाणू पाचपट विरळ होतो, पण यंत्राला त्याची भरपाई करायला सव्वादोन-अडीच फेऱ्याच जास्त लागतात. इस्राएलमध्ये तेक्निऑन आणि रामबाम रुग्णालयाच्या संशोधकांनी मार्च २०२० मध्येच एकतीस निगेटिव्ह नमुन्यांत मिसळलेला एक पॉझिटिव्ह ओळखून दाखवला. ज्याच्या नमुन्यात मुळातच विषाणू काठावर असेल, तो मात्र निसटू शकतो. आयसीएमआर पाचावर थांबली ती त्यामुळेच. पुढे मे महिन्यात परतणारे स्थलांतरित मजूर आणि परदेशातून येणारे प्रवासी यांच्यासाठी पंचवीसच्या पूललाही मुभा मिळाली. एवढ्या लोकांना तपासणार तरी कसे, हा प्रश्न तेव्हा काठावरच्या नमुन्यांपेक्षा मोठा झाला होता.

आता दोन टक्क्यांचा हिशेब. शंभर माणसे, त्यांच्या पाच-पाचाच्या वीस नळ्या. शंभरात दोघे बाधित असतील, तर वीस चाचण्यांनंतर फार तर दोन नळ्या पॉझिटिव्ह येणार आणि आणखी दहा चाचण्या लागणार. शंभरांचे काम तिसात झाले. शंभरात वीसजण बाधित असले तर? सरासरी तेरा-चौदा नळ्या पॉझिटिव्ह येतात आणि पुन्हा सदुसष्ट-अडुसष्ट चाचण्या कराव्या लागतात. एकूण बेरीज सत्त्याऐंशीच्या आसपास. वाचले तेरा, आणि दुसऱ्या फेरीपायी निकाल लांबला तो वेगळाच.

उत्तर प्रदेशाने हे तंत्र मनापासून वापरले. पाचाच्या आणि दहाच्या किती पूल तपासल्या, त्यातल्या किती पॉझिटिव्ह निघाल्या, हे तिथे नियमित जाहीर होत असे. महाराष्ट्रात २०२० च्या पावसाळ्यात तपासलेल्या शंभरांमागे वीसच्या आसपास पॉझिटिव्ह येत होते. चाचण्यांची सर्वाधिक निकड मुंबई-पुण्याला होती आणि नेमके तिथेच हे तंत्र निरुपयोगी होते. याचा दोष कुणाला देता येणार नाही. डॉर्फमनच्या सूत्राचाच तो स्वभाव आहे.

दुसरी फेरीच नको, असा विचार करणारेही होते, आणि त्यांतला एक गट मुंबईत होता. आयआयटी मुंबईचे मनोज गोपालकृष्णन, अजित राजवाडे आणि सहकाऱ्यांनी ‘टॅपेस्ट्री’ नावाची पद्धत बांधली. तीत प्रत्येक नमुना एकाऐवजी तीन वेगवेगळ्या पूलमध्ये जातो आणि कोणत्या पूलमध्ये विषाणू किती सापडला यावरून संगणक बाधित माणूस हुडकतो. नमुन्यांची वाटणी कर्कमनच्या त्रिकुटांवर बेतली आहे. १८५० साली इंग्लंडच्या कर्कमन नावाच्या पाद्र्याने कोडे घातले होते: पंधरा मुली सात दिवस तिघी-तिघींच्या रांगेत फिरायला जातात, कोणत्याही दोघी दुसऱ्यांदा एका रांगेत येऊ नयेत, तर रांगा कशा लावाल? या कोड्याला असा उपयोग सापडला याचे मला अजून कौतुक वाटते. पण हाताने पिपेट चालवणाऱ्या तंत्रज्ञाला एकच नमुना न चुकता तीन नळ्यांत टाकत बसणे म्हणजे कसरतच. किट वाचते, पण हात आणि डोळे जास्त शिणतात.

चीनने मिसळण्याची जागाच बदलली. वुहानमध्ये १४ मे ते १ जून २०२० दरम्यान सुमारे ९९ लाख लोक तपासले गेले, त्यात लक्षणे नसलेले ३०० बाधित सापडले. तिथे पाव भागच नमुने पूल केले होते. ऑक्टोबरमध्ये चिंगदाओ शहरात मात्र दहाजणांचे स्वॅब रांगेतच एका नळीत पडू लागले. मिश्रण लॅबमध्ये होत नसल्याने नमुना विरळही होत नाही, पण नळी पॉझिटिव्ह आली की दहाही जणांना पुन्हा बोलवावे लागते.

जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने मे २०२१ पासून प्राथमिक शाळांत हाच प्रकार केला, फक्त प्रेमळपणे. मुलांनी कापसाची काडी लॉलीपॉपसारखी अर्धा मिनिट चोखायची, मग वर्गाच्या साऱ्या काड्या एका नळीत. पूल पॉझिटिव्ह आली की पुढच्या चाचणीपर्यंत वर्ग घरी. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. पालक वैतागल्यावर दुसरी काडी आधीच राखून ठेवायची सोय झाली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला आणि इतक्या पूल पॉझिटिव्ह येऊ लागल्या की लॅबना एकेक मूल तपासणे झेपेना. बाधितांचे प्रमाण वाढले की काय होते ते मुंबई-पुण्याने आधीच अनुभवले होते; जर्मनीला ते दीड वर्षाने कळले.

रक्तपेढ्यांना या चढउताराची झळ लागली नाही. अनेक देशांत दात्यांच्या रक्ताची एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंसाठीची जनुकीय तपासणी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून छोट्या पूलमध्ये होते आहे. प्रश्नावली आणि आधीची निवड यांतून गाळून आलेल्या दात्यांमध्ये बाधित क्वचितच असतो, म्हणून तिथे पूल करणे कधीच आतबट्ट्याचे ठरले नाही.