नगरसेवक आले, क्षेत्र सभा कुठे आहे?

१५ जानेवारी २०२६ रोजी जळगाव आणि धुळे महापालिकांसाठी मतदान झाले आणि दोन्ही शहरांना पुन्हा लोकनियुक्त सभागृह मिळाले. त्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ येथे प्रशासकांचे राज्य होते. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू बजावतो. तरीही जळगावची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये आणि धुळ्याची त्याच वर्षाच्या डिसेंबरात संपली व निवडणूक लांबतच गेली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. तोपर्यंत महासभा आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती होते. जनतेला विचारले कोणी?

आता नगरसेवक आले म्हणजे प्रश्न सुटला, असे आम्ही मानत नाही. मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते, पण नळ, गटार आणि कचरागाडी यांच्याशी माणसाची गाठ रोजची असते. त्या रोजच्या कारभारात झोपडपट्टीतल्या आणि भीमनगरातल्या माणसाने कुठे बोलायचे?

धुळ्याची हद्दवाढ पाहा. २०१८ मध्ये वलवाडी, महिंदळे, अवधान, चितोड अशी आसपासची गावे महापालिकेत घेतली गेली. ग्रामपंचायत असताना वर्षातून किमान चार ग्रामसभा घेण्याचे कायद्याचे बंधन होते. सरपंच कितीही मातब्बर असला, तरी गावकुसाबाहेरचा माणूस तेथे उभा राहून हिशेब मागू शकत होता. गाव शहरात गेले आणि ग्रामसभा बंद झाली. घरपट्टी महापालिकेची झाली, पण बोलायची जागा गेली.

वास्तविक ती जागा कायद्याने दिलेली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८ आणि धुळ्याची ३,७५,५५९ होती, म्हणजे दोन्ही शहरे त्यात बसतात. महापालिका कायद्याच्या कलम २९-अ नुसार प्रभाग समितीवर वस्तीपातळीच्या बिगरशासकीय संघटनांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. २००९ च्या दुरुस्तीने त्याखाली क्षेत्र सभा आणली. थोड्या मतदान केंद्रांचा परिसर म्हणजे एक क्षेत्र आणि तेथील सर्व मतदार तिचे सभासद. परंतु ही दुरुस्ती जनतेच्या प्रेमापोटी झाली नव्हती. केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेचा पैसा हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट होती. पैसा आला, कायदा कागदावर राहिला. आपल्या वस्तीत क्षेत्र सभा कधी भरली, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावे.

नगरपालिकेचा ठराव ही काय चीज आहे, हे आंबेडकरी जनतेला नव्याने सांगायला नको. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह ते पाणी घेतले, तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता, त्यांना विचारण्याची गरज तिला वाटली नाही. मग उच्च न्यायालयात न्याय मिळेपर्यंत १९३७ साल उजाडले. त्याच १९३७ मध्ये बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्यात आले होते. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण दरवर्षी गर्दी करतो, ती त्याच आठवणीसाठी. वकील बाबासाहेबांची ही आठवण नुसत्या अभिवादनापुरती ठेवू नये.

म्हणून आम्ही सुचवतो. प्रत्येक वस्तीने आपल्या नगरसेवकाकडे क्षेत्र सभेची लेखी मागणी करावी आणि आवक विभागाचा शिक्का घेतलेली प्रत जपून ठेवावी. वस्तीतील नोंदणीकृत मंडळांनी प्रभाग समितीवरील जागांसाठी अर्ज करावेत. करवाढ असो की विकास आराखडा, 'हरकती व सूचना' मागवणारी नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते. ती वाचून बुद्धविहाराच्या फलकावर लावण्याचे काम दोन तरुणांकडे द्यावे आणि मुदतीच्या आत हरकत नोंदवावी. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे जनतेवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची वस्तुस्थिती प्रशासनाने स्वतःहून प्रसिद्ध केली पाहिजे. ती मिळाली नाही तर अर्ज करावा, अपील करावे.

यात मोर्चाइतका आवाज नाही, हे खरे. पण मोर्चा परतल्यावर साहेबांच्या टेबलावर आपला कागद नसेल, तर आपण काय मागितले होते, हे सांगायला कोणी उरत नाही.