पांढऱ्यावर पांढरं दिसेना!

मुलांनो, भेटकार्डावरची उठावाची नक्षी बोटांना लगेच कळते. पण डोळ्यांना? कार्ड खिडकीकडे तिरकं धरलं, की कडेला सावली पडते आणि फूल दिसतं. संध्याकाळी मंद दिव्याखाली तेच फूल गुडूप!

हीच पंचाईत एकदा टपालाचीही झाली होती बरं का! तेव्हा सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. तिथले कमिशनर बार्टल फ्रियर यांनी १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याचं ‘सिंध डाक’ तिकीट सुरू केलं. आशियातलं हे पहिलं टपाल तिकीट. आधी लाल लाखेच्या चकतीवर ठसा उठवला. पण लाख ठिसूळ, ती तडकायची. मग पांढऱ्या कागदावर शाईविना नुसता उठाव केला. तो अंधूक उजेडात दिसेना! शेवटी निळी शाई आली आणि तिकीट नजरेत भरलं.

तुमच्या कार्डालाही अशी शाई देता येते. जुन्या पुठ्ठ्यात फूल किंवा पणती कापून घ्या. (ब्लेडचं काम आईबाबांकडे!) हा साचा जाड ड्रॉइंग पेपरच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टीने पक्का करा. स्पंजच्या तुकड्याला स्टॅम्पपॅडची शाई लावा, आधी रद्दी कागदावर टिपा, मग साच्याच्या भोकातून हलकेच थोपटा. शाई वाळू द्या. आता साचा न काढता कागद उलटा करा आणि संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने भोकाच्या कडेकडेने दाबत फिरा. साचा हलला नाही, तर रंग बरोबर उठावावरच बसतो.

उठाव आधीच केला असेल, तर खोडरबरावर सुती कापड ताणून गुंडाळा. त्याला अगदी थोडी शाई लावून ते नक्षीवरून सपाट फिरवा. फक्त उंच भाग रंगेल. बोटाने शाई लावाल, तर ती खोलगट भागातही उतरेल आणि सगळाच डाग होईल.

आणखी एक. मालाडसारख्या समुद्राजवळच्या भागात पावसाळ्यात कागद दमट असतो. त्यावर शाई पसरते, वाळायलाही वेळ लागतो. म्हणून कागद आधी पंख्याखाली ठेवा आणि शाई कमीच घ्या. कमी पडली तर दुसरा हात देता येतो. जास्त झालेली काढता येत नाही!

कार्ड पाकिटात घालण्याआधी ते संध्याकाळच्या उजेडात जरूर पाहा. आजीला चष्म्याशिवाय नक्षी दिसली, की समजा जमलं!