पत्ते मोजणाऱ्या बायका

मेंढीकोट खेळताना ‘बदामाची दश्शी अजून बाहेर आहे गं!’ असं जी छातीठोक सांगते, तिने अमेरिकेतल्या ब्लॅकजॅकच्या पत्तेमोजणीला बिचकायचं काही कारण नाही. हिशेब तोच. गेलेले पत्ते लक्षात ठेवायचे, उरलेल्यांचा अंदाज बांधायचा.

ब्लॅकजॅक म्हणजे एकवीसचा डाव. आपल्या पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण २१ च्या वर गेली की संपलं. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकचा किंवा अकराचा. समोर कॅसिनोचा डीलर. त्याला स्वतःची मर्जी नसते. १७ होईपर्यंत पत्ता ओढावाच लागतो. खरी गोम इथेच आहे. मोठे पत्ते जास्त उरले असतील, तर तेरा-चौदावर अडकलेला डीलर २१ ओलांडून बुडतो. शिवाय पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला, तर खेळणाऱ्याला दीडपट पैसे मिळतात.

एडवर्ड थॉर्प हे गणिताचे तरुण अध्यापक १९५८ च्या नाताळात पत्नी व्हिव्हियनसोबत लास व्हेगासला गेले आणि दहा डॉलरपैकी साडेआठ घालवून उठले. दुसरा कोणी नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. यांनी पुढे एमआयटीच्या कॉम्प्युटरवर सगळा हिशेब मांडला आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक लिहिलं. १९६३ मध्ये हार्वे डबनर यांनी मोजणी आणखी सोपी केली. तीच आज सगळे शिकतात.

दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता पडला की मनात अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायच्या. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का पडला की वजा एक. बेरीज चढत गेली म्हणजे छोटे पत्ते संपत आले, मोठे उरले. तेव्हा पैसे वाढवायचे. टेबलावर सहा-आठ कॅट एकत्र असतील, तर आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं. बस्स, एवढंच!

एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास यासाठी चक्क संघ उभा केला. एकाने छोटे पैसे लावत नुसतं मोजायचं, बेरीज चढली की खूण करायची, मग दुसऱ्याने येऊन मोठी रक्कम लावायची. या संघात मुलीही होत्या. हार्वर्डमध्ये कायदा शिकणारी जेन विलिस त्यातलीच. पुढे ती नावाजलेली वकील झाली. मुलींचा फायदा असा, की कॅसिनोवाल्यांना त्यांचा संशयच यायचा नाही. बाई आणि एवढं गणित? छे! समोरच्याच्या गैरसमजाचं असं भांडवल केलेलं मला तरी भारी आवडलं.

आता पैशाचं बोलू. अचूक मोजलं तरी हाती लागतो तो जेमतेम एक टक्का. म्हणजे शंभर रुपये लावले तर सरासरी रुपयाभर, तोही शेकडो डाव खेळल्यावर. मधल्या काळात हजारो रुपये जाऊ शकतात, म्हणून संघामागे मोठं भांडवल लागायचं. बरं, मनात मोजणं गुन्हा नसला तरी नेवाडात कॅसिनोवाले ‘आपण आता या’ म्हणून उठवू शकतात. मोजायला यंत्र वापरलं तर मात्र गुन्हाच. शिवाय कित्येक ठिकाणी आता मशीन सतत पत्ते पिसत राहतं. तिथे गेलेला पत्ता पुन्हा कॅटमध्ये येतो, मग मोजणार काय? कॉम्प्युटरवरच्या ब्लॅकजॅकमध्ये तर बहुधा दर डावाला नवी कॅट. तेव्हा घरातलं कोणी मोबाइलवर ‘हमखास ट्रिक’ विकत घ्यायला निघालं, तर पत्ते कधी पिसतात एवढं विचारा. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्याकडे २०२५ मध्ये बंदीचा कायदाही झाला आहे.

घरी पैशाविना खेळून बघायला काय हरकत आहे? जोकर काढून टाका. मुलाला न दाखवता एक पत्ता लपवायला सांगा आणि उरलेले ५१ भराभर मोजा. शेवटी अधिक एक आला तर लपवलेला पत्ता मोठा, वजा एक आला तर छोटा, शून्य आलं तर सत्ती, अठ्ठी किंवा नव्वी. एमआयटीच्या मुलांसारखं व्हायचं तर अर्ध्या मिनिटात उत्तर यायला हवं. दोन आले, तर गादीखाली बघा, एखादा पत्ता तिथे असेल.