‘वर्धा ते मुंबई, विमानाने’ : अंतर व काल यांविषयी

‘वर्ध्याहून मुंबई विमानाने किती दूर?’ या प्रश्नास व्यवहारात ‘दीड तास’ असे उत्तर मिळते. विचारले जाते अंतर आणि सांगितला जातो वेळ. तरीही मराठी भाषिकास त्यात विसंगती भासत नाही. ‘गाव दोन कोसांवर आहे’ आणि ‘गाव दोन तासांवर आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘वर’ हे एकच अव्यय स्थलास व कालास सारखेच लागते. पायी वा बैलगाडीने जाणाऱ्यास हा विनिमय निर्धोक होता, कारण त्याची गती बहुधा ठरलेली असे. विमानाच्या बाबतीत तो तपासून घ्यावा लागतो.

वर्धा जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा असलेला विमानतळ नाही. तेव्हा उपर्युक्त प्रश्नातील ‘वर्धा’ म्हणजे वस्तुतः नागपूरनजीकचे सोनेगाव, अर्थात आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, होय. तेथून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या परिभाषेत सुमारे ३७० सागरी मैल, भरते. ताशी ८०० किलोमीटर वेग धरल्यास हे अंतर पाऊण तासाहून थोड्या अधिक वेळात संपावे. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. वेळापत्रकाचा काल विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची चाल, आरोहण, अवरोहण आणि मुंबईच्या गर्दीच्या आकाशातील प्रतीक्षा ही सर्व त्यात येतात. शिवाय विमान नकाशावरील सरळ रेषेने नव्हे, तर आखून दिलेल्या हवाई मार्गाने जाते.

वाऱ्याचा भाग याहून मनोरंजक आहे. हिवाळ्यात विमानांच्या उंचीवर पश्चिमेकडून वारे वाहतात, त्यामुळे मुंबईहून येणे जाण्यापेक्षा लवकर होते. पावसाळ्यात वरच्या थरांत पूर्वेचे वारे प्रबळ असतात व हा क्रम उलटू शकतो. अंतर दोन्ही दिशांनी एकच. काल एकच असेल असे नाही.

वेळ आणि अंतर यांची फारकत १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत ठळकपणे दिसते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. नागपूरला देशाचा मध्य म्हणण्याची रूढी आहे. तथापि तेथून कलकत्ता मुंबईपेक्षा सुमारे ३०० किलोमीटरांनी अधिक दूर आहे. तेथे साधावयाची होती ती भेटीची घटिका. अंतरे विषम असली तरी चालत.

वर्ध्याच्या प्रवाशास ‘दीड तास’ या उत्तराने ठकविले जाते ते येथेच. सेवाग्रामच्या रुग्णालयातून मुंबईस न्यावयाच्या रुग्णाच्या नातलगांनी सोनेगावपर्यंतचे सुमारे ७० किलोमीटर, तेथील तपासणीचा अवधी आणि मुंबईतील रस्ता यांची बेरीज केली, तर दीड तासाचे पाच-सहा तास होतात. रेल्वेने वर्धा ते मुंबई सुमारे ७६० किलोमीटर आहे व प्रवासास बहुधा रात्र जाते. पण तो काल वर्ध्याच्याच फलाटावरून मोजलेला असतो.