उतार शिकवतो, पण कुणाला?

खोपोलीच्या शिळफाट्याजवळ पुण्याकडून आलेला ट्रक कडेला लागला आणि ब्रेक लायनरचा जळका वास आला, की बोरघाट कसा उतरला गेला ते न विचारताच कळतं. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतची उतरण उंचीच्या हिशेबात साधारण पाचशे मीटर भरते. तीस टनांचा ट्रक एवढा खाली येतो तेव्हा सुमारे चाळीस युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते, आणि तिला कुठेतरी वाट काढून द्यावीच लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराचसा भार इंजिन झेलतं. नसेल तर सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये साठत जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, आणि पाय पॅडलवर पूर्ण दाबलेला असूनही गाडी थांबत नाही.

ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे क्लीनर असल्यापासून प्रत्येकाने ऐकलेलं असतं. तरीही या घाटात आयुष्य काढलेले कितीतरी ड्रायव्हर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतात. वीस वर्षं तेच काम करूनही माणूस त्यात तरबेज होत नाही, असं का व्हावं?

आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं: हात उपजतच असावा लागतो. या समजुतीला सगळ्यात चांगला धक्का दिला तो लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी. तिथे परवान्यासाठी शहराच्या मध्यभागातले सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर या मेंदूवैज्ञानिकेने 2000 साली दाखवलं, की या चालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. पण मुळात मोठा होता म्हणून ते टॅक्सीवाले झाले, की टॅक्सीवाले झाले म्हणून तो वाढला? मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी 79 शिकाऊ उमेदवारांचे मेंदू सुरुवातीला आणि काही वर्षांनी पुन्हा तपासले. सुरुवातीला त्यांच्यात फरक नव्हता. पुढे 39 जण उत्तीर्ण झाले आणि वाढ फक्त त्यांच्यातच दिसली. उत्तीर्ण झालेल्यांनी आठवड्याला सरावाला दिलेला वेळ नापास झालेल्यांच्या जवळपास दुप्पट होता. हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. एवढा सराव पेलण्याची तयारी काहींमध्ये आधीपासून असेल, ही शक्यता यातूनही पुसली जात नाही. पण रस्ते माहीत असलेला मेंदू घेऊन कुणी जन्मत नाही, एवढं नक्की.

बोरघाटाला हे सांगावं लागत नाही. इंग्रज इंजिनिअरांना या डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली, असं इथले लोक सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि येणारेजाणारे चालक तिथे नाणं टाकून पुढे जातात. कथेतला किती भाग इतिहास आहे हे बाजूला ठेवू. मेंढरांमागे रोज हिंडणाऱ्या पायांना डोंगर कळतो, यावर लोकांचा विश्वास आहे, आणि तो मला अगदी रास्त वाटतो.

मग सरावाचे तास मोजले की झालं? मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला, त्यातून पुढे ‘दहा हजार तास’ हा मंत्र जगभर पसरला. तो एरिक्सनना स्वतःला पटत नव्हता. दहा हजार ही फक्त सरासरी होती, आणि त्यांचा रोख तासांवर नव्हता. जे जमत नाही तेवढंच वेगळं काढून घोटायचं, चूक लगेच दाखवणारं कुणीतरी हवं, हे त्यांचं म्हणणं. 2014 साली मानसशास्त्रज्ञ ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा माणसामाणसातल्या फरकापैकी सरावाने उलगडणारा वाटा बुद्धिबळासारख्या खेळांत 26 टक्के, मैदानी खेळांत 18 टक्के, तर नोकरीव्यवसायांत एका टक्क्याहूनही कमी निघाला. जिथे परिस्थिती अंदाज बांधता येण्याजोगी, तिथे सराव जास्त फळतो, असंही त्यांना आढळलं.

या आकड्यांचा अर्थ समजून घ्यायला आपला घाट पुरेसा आहे, कारण इथे रस्त्याशेजारीच रेल्वे उतरते. कर्जत-लोणावळा मार्गाचा चढ 37 मीटरला एक मीटर. वीस डब्यांची गाडी पूर्ण उतारावर असते तेव्हा तिचं तोंड शेपटीपेक्षा बारा मीटरहून अधिक खाली असतं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटा द्यायला कर्जतला बँकर इंजिनं लागतात, हे प्रवाशांना माहीत असतं. उतरताना काय घडतं, तिकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा केबिनपाशी मुंबईकडे येणारी गाडी रिकाम्या जंगलात थांबते. तिथे कॅच सायडिंग आहे. सांधा मुळातच मुख्य मार्गाकडे लावलेला नसतो, तो वर डोंगराकडे चढत जाऊन संपणाऱ्या रुळाकडे असतो. लोको पायलटने गाडी सिग्नलपाशी उभी करून दाखवली, ती ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच पुढचा मार्ग मिळतो. ताबा सुटला असेल तर गाडी त्या चढावर जाऊन थांबते.

अपघात टाळण्यासाठी केलेली ही सोय माझ्या दृष्टीने उत्तम शाळाही आहे. प्रत्येक उतरणीत ठरलेल्या जागी परीक्षा, निकाल जागच्या जागी. ब्रेक किती अलीकडे लावायचा, पावसात ओल्या रुळावर किती आधी, हे हाताला त्यातून कळत जातं. शिवाय लोको पायलटला आधी जाणत्याबरोबर रस्ता शिकण्याच्या फेऱ्या कराव्या लागतात, रात्रीच्याही. काही महिने त्या मार्गावर गाडी नेली नाही, तर पुन्हा शिकाऊ फेरी. मिळालेलं कौशल्य गंजतं, हे रेल्वेने नियमात लिहून ठेवलं आहे.

आता ट्रकवाल्याचा निकाल बघा. न्यूट्रल मारून तो खाली सुखरूप पोचतो, डिझेल वाचल्यासारखं वाटतं, मालक खूश. पुढच्या खेपेलाही तेच. ड्रम किती तापला होता, संकट किती जवळ येऊन गेलं, हे त्याला कुणी सांगतच नाही. शेकडो खेपा त्याला एकच धडा देतात, तो चुकीचा असतो, आणि रोजच्या सरावाने पक्का होत जातो. ज्या खेपेला खरं उत्तर मिळतं, तिथे शिकण्यासारखं काही उरत नाही. त्याच्या बेफिकिरीला दोष देणं सोपं आहे. माझ्या मते त्याला चूक वेळेवर दाखवणारी व्यवस्था मिळालेली नाही, हे मोठं कारण आहे.

आणि ती उभी करणं अवघड नाही. लांबूनच तापमान सांगणारं हातातलं यंत्र आता महाग राहिलेलं नाही. कोविडच्या काळात ते दुकानादुकानांच्या दारात होतं. तसंच, पण जास्त तापमान मोजणारं यंत्र घेऊन घाटाच्या पायथ्याशी एक माणूस उभा करावा. दंड नको, पावती नको. थांबलेल्या ट्रकच्या चारही कोपऱ्यांतल्या ड्रमचं तापमान मोजून तो आकडा ड्रायव्हरला सांगायचा, आणि मागच्या खेपेचा आकडा शेजारी लिहून द्यायचा.