एका अक्षराचा फरक : संगणक, जनुके आणि आपले आजार

‘‘डॉक्टर, रक्त तर नळीत असते, मग संगणकाला त्यातले काय कळते?’’ असा प्रश्न हल्ली पुष्कळ रुग्ण विचारतात. करोनाच्या काळात ‘जनुकीय तपासणी’, ‘नवा उपप्रकार’ हे शब्द वर्तमानपत्रांत रोज येत होते. त्यांचा अर्थ समजून घेण्याची उसंत तेव्हा कोणालाच नव्हती. आज तो सावकाश समजून घेऊ.

चार अक्षरांची बाराखडी

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो. त्यावर ए, टी, जी आणि सी अशी अवघी चार रासायनिक अक्षरे ओळीने मांडलेली असतात. या मजकुराचा जो तुकडा एखादे प्रथिन कसे बनवायचे ते सांगतो, त्याला ढोबळमानाने जनुक म्हणावे. तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि प्रत्येक शब्दागणिक प्रथिनाच्या माळेत एक मणी ओवला जातो. या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात.

माणसाच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. एका पानावर ३,००० अक्षरे छापली, तर १० लाख पाने होतील. म्हणजे ५०० पानांचे दोन हजार ग्रंथ! हे वाचायला माणसाला एक जन्म पुरणार नाही. हा मजकूर साठवणे, त्यातील नेमकी ओळ शोधणे आणि दोन मजकूर शेजारी ठेवून फरक काढणे ही कामे संगणक करतो. या शास्त्राला जैवमाहितीशास्त्र म्हणतात. ‘बायोइन्फर्मेटिक्स’ हे नावही आता रूढ झाले आहे.

एक मणी बदलला तर?

सिकलसेल हा आजार विदर्भात आणि नंदुरबारकडे मोठ्या प्रमाणावर आहेच, पण आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातही तो आढळतो. या आजारात रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ‘जीएजी’ या शब्दाऐवजी ‘जीटीजी’ असा शब्द असतो. केवळ एका अक्षराचा फरक! पण त्यामुळे १४६ मण्यांच्या माळेतील सहावा मणी बदलतो. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्ण हाडे-सांध्यांच्या वेदनांनी तळमळतो.

आई-वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय ते कळत नाही. ज्यांच्या कुटुंबात किंवा समाजात हा आजार आहे, त्यांनी लग्नापूर्वी ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

पोथ्यांची पडताळणी

आता संगणक तुलना कशी करतो ते पाहू. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये लिहिली गेली. पुढे तिच्या हाती लिहिलेल्या नकला होत गेल्या आणि नकलेगणिक चुका शिरल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला. अशा पडताळणीचे एक सूत्र असते. दोन पोथ्यांत नेमकी तीच चूक त्याच ठिकाणी सापडली, तर त्या बहुधा एकाच जुन्या पोथीवरून उतरवलेल्या असतात.

विषाणूचेही तसेच आहे. तो स्वतःच्या नकला काढत पसरतो आणि अधूनमधून एखादे अक्षर चुकते. त्या चुका ताडून पाहिल्या की कोणता विषाणू कोणत्या शाखेचा, हे कळते. संगणक हीच पडताळणी हजारो नमुन्यांवर करतो आणि विषाणूची वंशावळ मांडतो.

पुण्यातील कार्य

या शास्त्रात आपला महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची सुरुवात १९५२ मध्ये झाली. ज्या विद्यापीठाशी नाशिकची अनेक महाविद्यालये संलग्न आहेत, त्या पुणे विद्यापीठात १९८७ मध्येच जैवमाहितीशास्त्र केंद्र सुरू झाले. संगणक म्हणजे काय, हे त्या वेळी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेही नव्हते! पुण्यातच १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. पुढे ‘परम’ मालिकेतील यंत्रे जनुके आणि प्रथिने यांच्या अभ्यासालाही जुंपली गेली.

या पायाभरणीचा उपयोग करोनात दिसला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने विषाणूची अक्षरे वाचण्यासाठी दहा प्रयोगशाळांचा गट उभा केला. त्यांपैकी दोन पुण्यातील होत्या : राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. करोना विषाणूचा मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने दहाच पाने. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, महाराष्ट्रातील नमुन्यांत विषाणूच्या काटेरी प्रथिनात ४५२व्या आणि ४८४व्या जागी बदल आढळत आहेत, आणि असे नमुने १५ ते २० टक्के आहेत. पुढच्याच महिन्यात खाटा आणि ऑक्सिजन यांसाठी नाशिककरांची काय धावाधाव झाली, ती सर्वांच्या आठवणीत आहे.

या कुळातील एक शाखा पुढे जगभर पसरली. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला ‘डेल्टा’ हे नाव दिले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, डेल्टामध्ये ४८४व्या जागेचा तो गाजलेला बदल नव्हताच! म्हणजे अक्षर बदलले एवढे संगणक सांगतो. त्या बदलाने आजार वाढतो की नाही, हे प्रयोगशाळेत आणि रुग्णांच्या खाटेपाशीच ठरते. शिवाय कोणत्या शाखेचा विषाणू आहे, यावर त्या वेळी एकेका रुग्णाचा उपचार ठरत नव्हता. ही माहिती उपयोगी होती ती साथीची चाहूल घेण्यासाठी, वेळीच तयारी करण्यासाठी आणि लसींचा विचार करण्यासाठी.

क्षयरोग्याला थेट फायदा

क्षयाच्या जंतूचा मजकूर सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. तो १९९८ मध्ये प्रथम पूर्ण वाचला गेला. पूर्वी औषधांना दाद न देणारा क्षय ओळखायचा तर जंतू वाढवून पाहावे लागत आणि त्यात कित्येक आठवडे जात. निरनिराळ्या रुग्णांकडील जंतूंचे मजकूर ताडून पाहता कळले की, रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंत एका जनुकाच्या ८१ अक्षरांच्या लहानशा भागात बदल असतो. आज ‘सीबीनॅट’ यंत्र बेडक्यातील जंतूंचा तेवढाच भाग तपासते आणि सुमारे दोन तासांत उत्तर देते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट असेल तर बेडका तपासून घ्या. आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. अर्धवट उपचारात औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे शिल्लक राहतात आणि तेच वाढतात.

जाहिरातींपासून सावध

हल्ली ‘थुंकी पाठवा, भविष्यातील आजार ओळखा’ अशा जाहिराती दिसतात. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखे आजार एकेका जनुकातील दोषामुळे होतात. तेथे जनुकांच्या तपासणीला निश्चित अर्थ आहे. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या स्तनाच्या कर्करोगातही ती उपयोगी पडते. मात्र मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांमागे अनेक जनुके असतात आणि त्यांच्या जोडीला आपले खाणेपिणे, तंबाखू, बैठे काम, अपुरी झोपही असते. वडिलांना मधुमेह असेल तर आपल्याला धोका आहे, हे कळायला हजारो रुपये खर्च करण्याची गरज नाही. उपाशीपोटी रक्तातील साखर तपासा, रोज अर्धा-पाऊण तास चाला आणि कंबरेचा घेर वाढू देऊ नका.

जनुकांची तपासणी करायचीच असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा : ‘‘या उत्तराने माझ्या उपचारात काय बदलेल?’’ काहीच बदलणार नसेल तर पैसे वाचवा. आणि तपासणी केलीच, तर तिचा अहवाल जपून ठेवा. तो तुमच्या एकट्याचा नसतो. तुमच्या भावंडांचा आणि मुलांचाही थोडाफार असतो.