मेरिट, ऑलिम्पियाड आणि धडगावची आश्रमशाळा

राखीव जागांचा विषय निघाला की मेरिटचा डंका पिटणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो : बुद्धी जन्मजात असते, ती वाटता येत नाही. आम्ही वकील माणसे, पुरावा मागतो. शालेय जगात आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडपेक्षा मोठे मेरिट नाही. २०२४ साली इंग्लंडमधील बाथ येथे भारताच्या सहा विद्यार्थ्यांनी चार सुवर्ण व एक रौप्य मिळवून देशाला चौथे स्थान मिळवून दिले. त्यांचे अभिनंदनच. पण ही मुले गणित सोडवतात कशी?

परीक्षा दोन दिवसांची. रोज साडेचार तास आणि प्रश्न तीनच. प्रत्येकी ७ गुण, एकूण ४२. कॅल्क्युलेटर नाही, कॉलेजातले कॅल्क्युलसही लागत नाही. एका प्रश्नाला सरासरी दीड तास! आपल्याकडे हुशार म्हणजे झटपट उत्तर देणारा. तिथे हुशार म्हणजे अडल्यावर न उठणारा.

एक जुने, सोपे उदाहरण घ्या. बुद्धिबळाच्या पटाची समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन घरे कापली. उरली ६२. एक पट्टी शेजारची दोन घरे झाकते. ३१ पट्ट्यांत पट पूर्ण झाकेल काय? तयारीचा विद्यार्थी मोठ्या पटाला हात लावत नाही. चार बाय चारचा छोटा पट काढतो, झाकून पाहतो. जमत नाही. मग तो विचारतो, का जमत नाही? प्रत्येक पट्टी एक काळे आणि एक पांढरे घर झाकते. कापलेली दोन्ही घरे मात्र एकाच रंगाची. म्हणजे एका रंगाची ३० उरली, दुसऱ्याची ३२. काम अशक्य! यात सूत्र कुठेच नाही.

ही युक्ती आईच्या पोटातून येत नाही. अशी दहा गणिते पाहिलेल्याला अकराव्या वेळी ती सुचते. त्यासाठीच मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात निवडक मुलांचे शिबिर होते. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठाननेही वर्षानुवर्षे मुले घडवली. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावरून पुणे म्हणजे रात्रभराची एसटी, आणि तिकिटाआधी ही परीक्षा असते हे कळायला हवे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी, साक्षरता ६४ टक्के. (आदिवासी पोराला निसर्गतःच गणित येते, असले गोड कौतुकही आम्हाला नको. त्याला शिक्षक हवा.)

भाषेचा मुद्दा तर अधिक बोचरा आहे. ऑलिम्पियाडमध्ये देशोदेशीचे संघनेते प्रश्नपत्रिकेचे भाषांतर करतात. मूल आपल्या भाषेत वाचते, आपल्या भाषेत लिहिते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३५०क १९५६ पासून सांगतो. घरी पावरी, भिलोरी बोलणाऱ्या मुलापुढे पहिल्याच दिवशी मराठी पुस्तक येते. गणित कळले नाही की भाषा, हे तपासतो कोण?

आमची मागणी लहान आहे. नंदुरबार आणि तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी प्रत्येक आश्रमशाळेत आठवड्याला एक तास एकाच गणितासाठी द्यावा. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. गुरुजींनी उत्तर सांगण्याची घाई करू नये आणि पोरे फळ्यापुढे पावरीत भांडली तर भांडू द्यावीत.